प्रकरण अकरा : आई निरोगी गटात

अण्णांना तळेगावच्या ज्येष्ठ निवासात ठेवायचं ठरलं. रविवारी दुपारी पावणेदोनला, भात आणि ताक यांच्या मधल्या वेळात, दोन विरुद्ध एक मतांनी. अण्णांचं मत विचारलं नव्हतं, कारण अण्णा तिथेच बसले होते.

पुढच्या शुक्रवारी, असं काही ठरलंच नव्हतं, असं ठरलं. या वेळी एकमतानं. यशोधननं तर आपण त्या रविवारी लोणावळ्यात नव्हतोच, इथपर्यंत मजल मारली. तेव्हा आपणही ते ठरलं नव्हतं असंच धरून चालू. त्या रविवारी सगळे फक्त जेवायला जमले होते.

जेवताना यशोधनच्या डाव्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये यादी होती. चाकणच्या कारखान्यात पट्ट्यावरून पुढे सरकणाऱ्या गाड्यांमधले दोष टिपायचं काम तो एकवीस वर्षं करत होता. वडिलांचे टिपायला त्याला दोन रविवार पुरले होते.

"जेवण," त्यानं वाचलं. "दोन घास खाऊन उठतात, असं आई म्हणते. सकाळचं फिरणं, जूनपासून बंद. रात्री दोन-दोन, तीन-तीन वाजता जागे असतात, हे आईनं पाहिलंय. बोलणं, शून्य."

"शून्य कसं?" इरावती म्हणाली. "मघाशी 'वाढ' म्हणाले की."

"'पुरे' म्हणाले."

"बरं, 'पुरे'. पण म्हणाले ना. आणि तिसरी पोळी खाताहेत," इरावतीनं ताटाकडे बोट दाखवलं. "हे कुठल्या रकान्यात?"

"आज आपण आलोय म्हणून." यशोधननं मोबाईल ताटाशेजारी ठेवला. "इरा, आठ महिने झाले. हे विस्मरणच आहे. माझ्या साहेबांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. तळेगावला डॉक्टर आहेत, नर्स आहेत, बाग आहे."

"दादा, म्हातारपणी नैराश्यसुद्धा असंच दिसतं. माणूस रडत वगैरे बसत नाही. खात नाही, झोपत नाही, विसरतो, गप्प बसतो. आणि ते बरं होतं. विस्मरण आहे का नैराश्य, हे बघायच्या आधीच तू बाग दाखवतोयस."

"अण्णांना कसलं नैराश्य? तीस वर्षं खंडाळ्याच्या घाटात रेल्वेत नोकरी केलेला माणूस."

"मग?"

"मग काय. तिकडे हवा चांगली असते."

इरावती तळेगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. झुरळाच्या मेंदूपर्यंतचा तिचा अभ्यास पक्का होता. त्यापुढे ती सावध असायची. या वादात मात्र तिला भरवसा होता, कारण आई तिच्या बाजूनं होती. असणारच होती. गच्चीवर पत्रा घालण्यावरून यशोधनचं आणि आईचं गेल्या वर्षी जे वाजलं, त्यानंतर आईनं त्याच्या कुठल्याच म्हणण्याला होकार दिला नव्हता. त्यानं आणलेल्या आंब्यांनासुद्धा नाही.

"आई, तू सांग याला."

चंद्रिकाबाई ताकाच्या वाटीकडे बघत होत्या. "जाऊ दे त्यांना तळेगावला," त्या म्हणाल्या. "तिथे बरं होईल त्यांचं."

यशोधनसुद्धा दचकला. आईचं मत आपल्या बाजूला पडल्याची त्याला सवय नव्हती, आणि आता त्याचं काय करायचं हे त्याला सुचेना. अण्णांनी पोळीचा तुकडा ताटातच ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. ते बराच वेळ पाहत राहिले. ही नोंद यादीत झाली नाही.

इरावतीनं मग शेवटचा उपाय काढला. पुण्यातल्या एका रुग्णालयात उतारवयातल्या नैराश्याचा अभ्यास चालू होता. साठीच्या पुढच्या माणसांच्या मेंदूचे एमआरआय काढत होते आणि त्यांना माणसं हवी होती. "आधी मेंदू बघू," ती म्हणाली. "नैराश्य निघालं तर अण्णा इथेच राहतील आणि औषध घेतील. नाही निघालं तर तू म्हणशील तसं."

यशोधनला हे पटलं. यंत्रात घालून तपासलेल्या गोष्टीवर त्याचा विश्वास होता.

इरावतीनं अर्ज छापून आणलाच होता. शेवटच्या पानावर पंधरा प्रश्न होते, हो किंवा नाही. आयुष्य रिकामं वाटतं का? आपला कुणाला उपयोग नाही असं वाटतं का? दिवस संपता संपत नाही असं वाटतं का? चंद्रिकाबाईंनी चष्मा लावला आणि पेन घेतलं.

त्या घरात अण्णांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आई द्यायची. पद्धत सत्तेचाळीस वर्षांची होती आणि तिच्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बँकेत, लग्नात, वडगावच्या तहसील कचेरीत, सगळीकडे तेच. एकदा दाताच्या डॉक्टरनं अण्णांच्या तोंडात आरसा घालून "कुठं दुखतंय?" विचारलं, तेव्हा आई बाकावरून म्हणाली होती, "डावीकडे, वरचा शेवटून दुसरा." तोच निघाला.

पंधरा प्रश्न त्यांनी सात मिनिटांत सोडवले. एकदाही थांबल्या नाहीत, एकदाही अण्णांकडे पाहिलं नाही. इरावतीनं बेरीज केली. पंधरापैकी तेरा उत्तरं नैराश्याच्या बाजूची.

"बापरे," यशोधन हळूच म्हणाला. "एवढं?"

अर्जात आणखी एक जागा होती. तुलनेसाठी त्याच वयाची एक निरोगी व्यक्ती सोबत आणल्यास बरं, असं लिहिलं होतं.

"आई," यशोधननं लगेच लिहून टाकलं. "तिच्याइतकं निरोगी कोण आहे या घरात?"

स्वयंपाकघराच्या दारात नंदाबाई उभ्या होत्या. मळवलीहून रोज भांडी-केर करायला यायच्या. मुलं येणार त्या रविवारी स्वयंपाकही त्यांच्याकडे असायचा. "बाईंना बी दाखवा की डागदरला," त्या म्हणाल्या.

"तिला नेतोच आहे, मावशी," यशोधन म्हणाला. "निरोगी म्हणून."

"आसं व्हय," नंदाबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन भांडी जरा जास्तच आवाजात घासायला लागल्या.

*

शुक्रवारी चौघं पुण्याला गेले. अभ्यासातल्या डॉक्टरचं नाव सारिका होतं. वय तिशीच्या आसपास, गळ्यात ओळखपत्र, आणि ओळखपत्रावरच्या फोटोत ती आतापेक्षा जास्त झोप झालेली दिसत होती.

"काका, आपण आत बसून बोलू. एकटेच."

"त्यांना काय विचारता?" चंद्रिकाबाई उठल्या. "मला विचारा."

"तुम्हालाही विचारणार आहे, काकू. पण तुमचं तुम्हाला. नियम आहे तसा. तोवर तुमचा एमआरआय उरकून घेऊ."

अंगावर धातू चालत नव्हता. चंद्रिकाबाईंनी पाटल्या काढल्या, केसांतले आकडे काढले, मंगळसूत्र काढलं, आणि सगळं अण्णांच्या रुमालात ठेवलं. ते गाठोडं मुठीत धरून अण्णा आत गेले.

चंद्रिकाबाई यंत्रात सरकवल्या गेल्या. पस्तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवताना त्यांनी फळ्यावर मेंदू काढला होता. मोठा मेंदू, लहान मेंदू, लंबमज्जा. तो नेहमी फुलकोबीसारखा व्हायचा आणि शेवटच्या बाकावरच्या मुली हसायच्या. आज कुणीतरी त्यांचाच काढत होतं आणि त्या आत होत्या. आवाज भयंकर होता; रिकामं पिंप बडवल्यासारखा, मग पाट्यावर काहीतरी ठोकल्यासारखा, मग दार उघडं राहिलेल्या लिफ्टसारखा. हे कुठल्या भागाचं असेल, असं त्यांच्या मनात आलं. असा प्रश्न मनात यायलाही बरेच महिने झाले होते.

कानातल्या फोनमधून एमआरआय चालवणाऱ्या मुलाचा आवाज आला. "काकू, छान चाललंय तुमचं. फक्त डोकं हलवू नका."

छान चाललंय, असं त्यांना जूनपासून कुणी म्हटलं नव्हतं. डोळ्यांच्या कडांतून पाणी निघालं आणि दोन्ही बाजूंनी कानांकडे गेलं. पुसायला हात हलवला तर डोकं हललं असतं. पाणी हललेलं चालतं का, हे विचारायचं राहून गेलं होतं. त्या शिस्तीच्या होत्या. पंचवीस मिनिटं न हलता रडल्या. पुढे ती चित्रं फार स्पष्ट आली म्हणून त्या मुलानं त्यांचं कौतुक केलं.

*

आतल्या खोलीत डॉक्टर सारिकांनी पहिला प्रश्न विचारला आणि अण्णांनी सवयीनं शेजारी पाहिलं. शेजारी खुर्ची होती.

"काका, भूक लागते का?"

अण्णांनी विचार केला. "लागते."

"मग जेवत का नाही?"

"आमटीत मीठ नसतं. कधी दोनदा असतं."

"मग सांगायचं ना."

"सांगितलं तर तिला वाटेल, चुकलं."

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं आणि खोडलं. "रात्री झोप लागत नाही?"

"मला लागते. ती जागी असते. मग मी जागतो."

"तुम्ही कशाला?"

"एकट्यानं जागू नये. घाटात केबिनमध्ये रात्रपाळीला दोघं असायचो."

"आणि सकाळचं फिरणं?"

"ती दहापर्यंत उठत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. मी फिरायला जायचो आणि तिला जाग यायची, तर घरात कुणीच नाही. असं नको." त्यांनी मुठीतलं गाठोडं मांडीवर ठेवलं. एका दमात इतकं बोलल्यामुळे त्यांना जरा दम लागला होता.

"आठ महिने तुम्ही बोलत नाही, असं लिहिलंय इथे."

"मी कधीच बोलत नव्हतो. ती बोलायची. सकाळी सहाला सुरू व्हायची. शाळा, भाजी, शेजारी, ग्रहण कधी आहे, सगळं. जूनपासून ती गप्प झाली. मग माझं गप्प बसणं लोकांना ऐकू यायला लागलं."

डॉक्टरांनी पंधरा प्रश्न पुन्हा विचारले. अण्णांचे दोन आले. डॉक्टरांनी फाइलमधला घरून आलेला कागद काढला. "इथे तेरा आहेत. हा कुणी भरला?"

"हिनं. माझं सगळं तीच भरते."

अण्णांनी चष्मा मागितला, म्हणजे खिशातला स्वतःच काढला, आणि कागद वाचला. वाचता वाचता त्यांची मान एकेका ओळीला हलत होती. आयुष्य रिकामं वाटतं, हो. उपयोग नाही, हो. दिवस संपत नाही, हो. शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन त्यांनी कागद उलटा ठेवला.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त नाव चुकलंय."

डॉक्टर सारिकांनी कागद पुन्हा सरळ केला. मग त्यांनी विचारलं, "घरी हे कुणाला का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही. सगळे माझ्याबद्दल विचारत होते."

"पण तुमची मुलगी म्हणाली, रविवारी ते तुम्हाला तळेगावला पाठवायला निघाले होते. तेव्हा तरी?"

"मी बोललो असतो तर मला बरं ठरवलं असतं, आणि मग कुणीच दवाखान्यात आलं नसतं."

*

त्यानंतर चंद्रिकाबाई डॉक्टरांबरोबर दार लावून पाऊण तास बसल्या. अण्णांचा एमआरआय झाला. यशोधननं बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरच्या सूचनाफलकातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या. मग सगळ्यांना आत बोलावलं.

"काकूंची परवानगी आहे म्हणून सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "गटांमध्ये थोडी अदलाबदल करावी लागली."

"म्हणजे अण्णांना नैराश्य नाही?" इरावतीचा चेहरा उतरला. "मग विस्मरण?"

"दोन्ही नाही. काका निरोगी गटात गेलेत."

"आणि आई?" यशोधननं विचारलं.

"मीच ती," चंद्रिकाबाई म्हणाल्या.

यशोधननं मोबाईल काढला, यादी उघडली, वरून खालपर्यंत वाचली. जेवण. फिरणं. रात्रीचं जागणं. प्रत्येक ओळीत वडिलांच्या मागे आई उभी होती. एकवीस वर्षं गाड्या तपासून त्यानं सगळे दोष बरोबर टिपले होते, फक्त शेजारच्या गाडीवर चिकटवले होते.

"पण मग," इरावतीनं आईचा हात धरला, "अण्णांना तळेगावला पाठवायला तू 'हो' का म्हणालीस?"

"माझ्याजवळ राहून त्यांचं असं झालं, असं वाटलं." चंद्रिकाबाई टेबलाशी बोलत होत्या. "मी आता कसल्या उपयोगाची? हे तिथे गेले असते तर माझ्यापासून सुटले असते."

अण्णांनी रुमाल सोडला, मंगळसूत्र काढलं आणि बायकोच्या गळ्यात घालायला लागले. आकडा लागेना. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी घातलं तेव्हा मागे कुणीतरी मावशी मदतीला होती.

"करवली म्हणून मी उभी राहू का?" इरावतीनं डोळे पुसत विचारलं, आणि आकडा लावला.

यशोधनला अजून पुरावा हवा होता. "डॉक्टर, फोटोत दिसतं का हे? नैराश्य. कुठे आहे ते दाखवा."

डॉक्टरांनी पडद्यावर आईचा मेंदू आणला. करडा, उभा कापलेला. इरावती खुर्चीवरून पुढे सरकली. झुरळाच्या पुढचं सगळं एकदम समोर होतं.

"हा हिप्पोकॅम्पस. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. आठवणी, ताण, दोन्हींशी त्याचा संबंध. उतारवयात नैराश्य असलेल्या खूप जणांची सरासरी काढली की हा जरा लहान दिसतो. आणि हे पांढरे ठिपके बारीक रक्तवाहिन्यांमुळे येतात. नैराश्यात तेही सरासरीनं जास्त सापडतात."

"आईचे बरेच आहेत," यशोधन गंभीर झाला.

"काकांचे जास्त आहेत."

"मग अण्णा आजारी?"

"नाही. साठीनंतर बहुतेकांना असतात."

"आणि तो समुद्रघोडा?"

"काकूंचा सरासरीपेक्षा किंचित लहान. काकांचा चांगला भरलेला. पण एका माणसाचा फोटो बघून तो उदास आहे का, हे मला सांगता येत नाही. अजून कुणालाच येत नाही. ते माणसाला विचारूनच कळतं."

"मग एवढं मोठं यंत्र कशाला?"

"कुणाला कुठलं औषध लागू पडेल, कुणाचं पुन्हा उलटेल, हे आधी कळेल का, ते शोधतोय. अजून सापडलेलं नाही."

यशोधनला यंत्राबद्दलच वाईट वाटलं. चंद्रिकाबाई मात्र पडद्याजवळ गेल्या होत्या.

"मी लहान मेंदू फार मोठा काढायचे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"फळ्यावर. एवढा नसतो तो. पस्तीस वर्षं मुलींना चुकीचा दाखवला." त्या थोडा वेळ बघत राहिल्या. "आणि हे मधे काळं काय आहे?"

"ती पोकळी, काकू. तिच्यात पाणी असतं."

"डोक्यात पाणी," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "बरं."

आईनं जूनपासून पहिल्यांदाच कुतूहलानं काही विचारलं होतं. इरावतीला ते कळलं, पण ती काही बोलली नाही. बोलली असती तर प्रश्न घाबरून परत गेला असता.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, दर आठवड्याला समुपदेशकाशी बोलायचं, रोज सकाळी चालायचं. आणि सहा आठवडे तरी धीर धरायचा. फरक पडायला तेवढे लागतात.

गाडीत यशोधननं एकदाच तोंड उघडलं. "मग आता तळेगावला..."

"कसलं तळेगाव?" इरावती म्हणाली.

"नाही, काही नाही. असं काही ठरलंच नव्हतं."

*

घरी दोन बदल झाले. मीठ नंदाबाईंकडे गेलं. "मिठाचं मी बगते," त्या म्हणाल्या. "बाईंनी फकस्त बोलायचं. न्हाई बोलावंसं वाटलं तर न्हाई बोलायचं. मी लय बोलते." रविवारचं स्वयंपाकघर त्या रोज सांभाळायला लागल्या आणि अण्णा तीन पोळ्या खायला लागले.

दुसरा बदल म्हणजे ज्याचं उत्तर त्यानंच द्यायचं. हे जड गेलं. इरावतीनं फोनवर "अण्णा, कसे आहात?" विचारलं की दोन मिनिटं नुसता श्वास ऐकू यायचा. चंद्रिकाबाई शेजारी ओठ दाबून बसायच्या.

तीन आठवडे झाले. गोळ्या वेळेवर जात होत्या. सकाळी दोघं रेल्वेच्या दवाखान्यापर्यंत चालून यायचे. एखाद्या दिवशी चंद्रिकाबाई फाटकातूनच परत फिरायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. "अजून काही नाही," त्या म्हणायच्या. "यांनी उगाच माझ्यामागे दिवस घालवू नयेत."

अशाच एका दिवशी दुपारी अण्णांनी टेबलाशी बसून, रेघांच्या कागदावर, रेल्वेत वापरायचे त्याच अक्षरात लिहिलं:

प्रति,
मा. प्रमुख,
मेंदू अभ्यास विभाग, पुणे.

विषय : मेंदूतील भाग पत्नीच्या नावे वर्ग करण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, गेल्या महिन्यात आपल्या यंत्रात अर्जदार व अर्जदाराची पत्नी यांचे मेंदू पाहण्यात आले. अर्जदाराचा समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग चांगला भरलेला असून पत्नीचा किंचित लहान असल्याचे डॉ. सारिका यांनी तोंडी सांगितले. एका व्यक्तीबाबत त्यावरून निष्कर्ष काढू नये, हेही सांगितले. ते अर्जदारास मान्य आहे. तथापि सदर भागाचा अर्जदारास आजवर विशेष उपयोग झालेला नाही. अर्जदाराच्या बहुतेक आठवणी पत्नीनेच सांभाळल्या आहेत.

तरी अर्जदाराकडील जादा भाग सौ. चंद्रिका यांच्या नावे विनाअट वर्ग करण्यात यावा. तशी तरतूद नियमात नसल्यास करण्यात यावी.

तसे होण्यास विलंब लागत असल्यास, फरक पडण्यासाठी जे सहा आठवडे सांगितले आहेत, त्यांपैकी तीन पत्नीने काढले आहेत. उर्वरित तीन आठवडे तिच्याऐवजी अर्जदारास काढण्याची परवानगी मिळावी व पत्नीस त्या मुदतीतून मुक्त करण्यात यावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
केशव गणेश उपासनी
(सेवानिवृत्त, घाट विभाग)